जुन्या लॉगचं बिल नेमकं कुठे वाढतं?

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना आपल्या ईमेल व्यवस्थेच्या लॉगमध्ये काही खटकणाऱ्या नोंदी दिसल्या. त्यांनी मायक्रोसॉफ्टला कळवलं आणि तपासात उघड झालं, की चीनशी संबंधित एका हॅकर गटाने सुमारे २५ संस्थांच्या मेलपेट्या उघडून वाचल्या होत्या. त्यासाठी त्यांनी मायक्रोसॉफ्टचीच २०१६ सालची एक डिजिटल चावी वापरली होती. ती चावी बाहेर गेली कशी? सप्टेंबरमध्ये कंपनीने आपला अंदाज मांडला, पण सोबत हेही सांगितलं, की लॉग ठरावीक मुदतीनंतर काढून टाकण्याच्या धोरणामुळे चोरीचा थेट पुरावा देणारे लॉग आता आपल्याकडे नाहीत. जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी एक, आणि आपल्याच घरातल्या चोरीची नोंद तिच्याकडे उरलेली नव्हती.

या प्रकरणाची आणखी एक बाजू आहे. ज्या नोंदींमुळे हा प्रकार पकडला गेला, त्या प्रकारचे तपशीलवार लॉग तेव्हा फक्त वरच्या दराची योजना घेणाऱ्या ग्राहकांनाच मिळत. टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने ते इतर ग्राहकांनाही खुले केले आणि नोंदी आपोआप जपण्याची मुदत ९० दिवसांवरून १८० दिवसांवर नेली.

तरीही १८० दिवस पुरतात का? मॅरियट हॉटेल समूहाच्या स्टारवुड आरक्षण यंत्रणेत २०१४ साली शिरलेला चोर सप्टेंबर २०१८ मध्ये सापडला. सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात घुसखोरीची सुरुवात २०१९ मध्ये झाली होती आणि ती उघडकीस आली डिसेंबर २०२० मध्ये. त्यानंतर अमेरिकी सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या सर्व खात्यांना आदेश दिला, की लॉग १२ महिने हाताशी ठेवा आणि पुढचे १८ महिने थंड साठ्यात जपा. एकूण अडीच वर्षं. घुसखोर किती काळ लपून राहू शकतो, याचा अनुभव घेऊनच हा आकडा आला आहे.

आपल्याकडचे नियम एका जागी नाहीत. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे. कार्ड व्यवहार हाताळणाऱ्यांना पीसीआय मानकानुसार १२ महिन्यांचे लॉग ठेवावे लागतात आणि त्यातले अलीकडचे तीन महिने लगेच तपासता येतील असे हवेत. वैयक्तिक विदा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत आणि त्यांत लॉग जपण्याची किमान एक वर्षाची मुदत आहे. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणं १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची असल्यामुळे ही नोंदही तितकाच काळ सांभाळावी लागते.

म्हणजे पुण्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीपासून जिल्ह्याच्या सहकारी बँकेपर्यंत प्रत्येकाला वर्षानुवर्षांचे लॉग कुठेतरी ठेवायचे आहेत. ते वाचायची वेळ क्वचितच येईल. पण आली, तर त्या दिवशी त्यांच्याइतकं मोलाचं दुसरं काही नसेल. प्रश्न आहे तो हे काम स्वस्तात कसं करायचं याचा.

बहुतेक जण इथे सुरुवात करतात ती दरपत्रकापासून. अ‍ॅमेझॉनच्या एस३ या साठवण सेवेचे अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रीजनचे भाव पाहू, कारण तुलनेसाठी सगळीकडे तेच वापरले जातात. नेहमीच्या स्टँडर्ड क्लासमध्ये एक जीबी महिनाभर ठेवायला २.३ सेंट लागतात. क्वचित लागणाऱ्या फायलींसाठीच्या इन्फ्रिक्वेंट अ‍ॅक्सेसमध्ये १.२५ सेंट, ग्लेशियर इन्स्टंट रिट्रीव्हलमध्ये ०.४ सेंट. सर्वांत खालच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये, जो मार्च २०१९ मध्ये सुरू झाला, जेमतेम ०.१ सेंट, म्हणजे एका टीबीला महिन्याला साधारण एक डॉलर. मुंबई रीजनचे दर याहून चढे आहेत आणि भारतात बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. हे भाव बदलतही राहतात. पण स्टँडर्ड आणि डीप आर्काइव्ह यांच्यातला तेवीसपटीचा फरक बघून कोणाच्याही मनात येतं, की सगळं उचलून खाली टाकावं आणि मोकळं व्हावं.

माझं म्हणणं असं, की हा निर्णय सर्वांत शेवटी घ्यायचा आहे. त्याआधीची तीन कामं केली नाहीत तर स्वस्त क्लासही महाग पडतो. एक उदाहरण सोडवून बघू.

समजा एका कंपनीचे ५० सर्व्हर आहेत आणि ते मिळून रोज २० जीबी लॉग लिहितात. वर्षाला ७.३ टीबी झाले. हे जसेच्या तसे स्टँडर्डमध्ये ठेवले तर वर्ष भरल्यावर महिन्याचं भाडं १६८ डॉलर होतं. आता पहिलं काम: तेच लॉग आधी दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवले तर? लॉगमध्ये तोच आयपी पत्ता, तेच शब्द, तारखेचा तोच साचा हजारो वेळा येतो. त्यामुळे जीझिप किंवा झेडस्टँडर्डने ते पाच ते दहा पट सहज दबतात, कधी त्याहूनही जास्त. दहापट धरू. साठा ७३० जीबीवर आला आणि भाडं १७ डॉलरच्या आत. क्लास अजून बदललेलाच नाही! त्यानंतर डीप आर्काइव्हमध्ये नेलं की ते ७२ सेंटवर येतं. एकूण बचतीतले दीडशे डॉलर दाबण्याने वाचले आणि सोळा डॉलर क्लास बदलण्याने. ज्या कामाची चर्चा सर्वांत कमी होते, तेच सर्वांत जास्त पैसे वाचवतं.

दुसरं काम फायलींच्या संख्येचं. इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण सर्वांत मोठा खड्डा हाच आहे आणि तो दरपत्रकाच्या पहिल्या पानावर दिसत नाही. लॉग गोळा करणारी अनेक साधनं दर मिनिटाला एक छोटी फाइल बकेटमध्ये, म्हणजे एस३ मधल्या साठवणीच्या कप्प्यात, टाकतात. ५० सर्व्हर आणि दिवसाची १,४४० मिनिटं धरली तर रोज ७२,००० फायली, वर्षाला २ कोटी ६२ लाखांहून जास्त. प्रत्येक फाइल दाबल्यावर साधारण २८ केबीची.

या फायली डीप आर्काइव्हमध्ये हलवायला दर हजारी ५ सेंट पडतात. वर्षभराच्या फायलींचे झाले १,३१४ डॉलर. शिवाय तिथे गेलेल्या प्रत्येक फाइलमागे ४० केबीचा जास्तीचा बोजा धरला जातो. त्यातले ३२ केबी आर्काइव्हच्या दराने आणि ८ केबी स्टँडर्डच्या दराने. पत्र २८ केबीचं आणि पाकीट ४० केबीचं. हा सगळा हिशेब मांडला तर महिन्याचं भाडं ७२ सेंटऐवजी सहा डॉलरच्या पुढे जातं. स्टँडर्डमध्येच राहू दिलं असतं तर ते १७ डॉलर होतं. महिन्याला साधारण दहा डॉलर वाचवण्यासाठी तेराशे डॉलर मोजले. ते वसूल व्हायला दहा वर्षांहून जास्त लागतील, आणि तेवढा काळ ते लॉग जपायचेच नाहीत.

आता तेच लॉग आधी एकत्र करा. सर्व सर्व्हरचे मिळून दर तासाला एक फाइल. वर्षाला ८,७६० फायली, प्रत्येकी सुमारे ८३ एमबीची. हलवण्याचा खर्च ४४ सेंट. एकीकडे तेराशे चौदा डॉलर, दुसरीकडे चव्वेचाळीस सेंट; लॉग तेच आणि क्लासही तोच. फ्लुएंट बिट किंवा व्हेक्टरसारख्या साधनांत फाइल किती मोठी झाल्यावर किंवा किती वेळाने पाठवायची हे ठरवता येतं. मात्र प्रत्येक साधन आपल्याच सर्व्हरची फाइल बनवतं. म्हणून आधी मधल्या एका ठिकाणी सगळ्यांचे लॉग गोळा करून पुढे पाठवावेत, किंवा रात्री एखादं काम चालवून छोट्या फायली जोडून घ्याव्यात. पहिला मार्ग बरा, कारण बकेटमध्ये फाइल टाकण्यालाही दर हजारी अर्धा सेंट लागतो आणि छोट्या फायलींच्या उदाहरणात तेच वर्षाला १३१ डॉलर होतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या लाइफसायकल नियमांत, म्हणजे फायली वयानुसार आपोआप हलवणाऱ्या नियमांत, एक बदल केला. नव्या नियमांत, वेगळं सांगितलं नसेल तर, १२८ केबीपेक्षा लहान फायली आता आपोआप खालच्या क्लासमध्ये हलवल्या जात नाहीत. यामुळे तेराशे डॉलरचा धक्का टळतो, पण दुसरी गोष्ट घडते. नियम लिहिलेला असतो, सगळ्यांना वाटतं लॉग आर्काइव्हमध्ये गेले, आणि ते महिनोन्‌महिने स्टँडर्डमध्येच पडून राहतात. म्हणून नियम लिहून झाल्यावर काही दिवसांनी बकेट उघडून फाइल खरंच कोणत्या क्लासमध्ये आहे ते बघायलाच हवं.

तिसरं काम म्हणजे जपू नये ते आधीच गाळणं. लोड बॅलन्सर दर काही सेकंदांनी सर्व्हरला 'आहेस का' म्हणून विचारतो, त्याच्या नोंदी आठ वर्षं ठेवून काय साधणार? डीबगच्या ओळीही तशाच. यात पैशांपेक्षा मोठा धोका आहे तो गुपितं लॉगमध्ये उतरण्याचा. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण एका चुकीमुळे ते न झाकता अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. असा लॉग आर्काइव्हमध्ये गेला, वर त्याला पुसता न येण्याचं कुलूपही लागलं, की तो धोका आपण स्वतःच जपून ठेवल्यासारखं होतं. पासवर्ड, ओटीपी, कार्ड क्रमांक, आधार क्रमांक हे लॉग लिहितानाच झाकले पाहिजेत. नंतर शोधून पुसणं फार अवघड जातं.

लॉग कोणत्या दारातून आत येतात, याचाही विचार इथेच करावा. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवॉच लॉग्ज सेवेत एक जीबी आत घ्यायलाच ५० सेंट लागतात. आपल्या उदाहरणातले महिन्याचे ६०० जीबी तिथून गेले तर ३०० डॉलर झाले, तेही साठवणीचं भाडं सुरू होण्याआधी. शिवाय आपण मुदत घातली नाही तर तिथले लॉग कधीच पुसले जात नाहीत. ज्या नोंदींवर इशारे लावायचे आहेत तेवढ्याच तिथे पाठवाव्यात, बाकीच्या थेट बकेटमध्ये. आर्काइव्हच्या सेंटांची काटकसर करणारे लोक या तीनशे डॉलरकडे पाहत नाहीत, हे मी पुन्हा पुन्हा बघितलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं.

इतकं झालं की मग क्लास निवडावा, आणि तिथे दरापेक्षा वेळ महत्त्वाचा. डीप आर्काइव्हमधली फाइल मागितल्याबरोबर मिळत नाही. साध्या मागणीला १२ तासांपर्यंत लागतात, स्वस्त घाऊक मागणीला ४८ तासांपर्यंत. मायक्रोसॉफ्ट अझ्युअरच्या आर्काइव्ह टियरमध्ये साध्या मागणीला १५ तासांपर्यंत लागू शकतात. सर्ट-इनला कळवायची मुदत सहा तासांची आहे. पहिल्या सहा तासांत आठ वर्षांपूर्वीचे लॉग लागणार नाहीत हे खरं, पण गेल्या काही महिन्यांचे नक्की लागतील. काय झालं हेच कळलं नाही तर कळवणार काय? म्हणून माझं मत असं, की निदान १८० दिवसांचे लॉग ताबडतोब उघडतील अशा क्लासमध्येच असावेत. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

दुसरी अट किमान मुदतीची. डीप आर्काइव्हमध्ये टाकलेल्या फाइलचे १८० दिवसांचे पैसे द्यावेच लागतात, आधी पुसली तरी. अझ्युअरच्या आर्काइव्हलाही १८० दिवसच आहेत, गूगलच्या आर्काइव्ह क्लासला ३६५. लॉग एकूण १८० दिवसच ठेवायचे असतील आणि नव्वदाव्या दिवशी ते डीप आर्काइव्हमध्ये नेले, तर पुसल्यानंतरच्या नव्वद दिवसांचंही भाडं भरावं लागतं. अशा वेळी खालच्या क्लासकडे बघूच नये. गूगलच्या आर्काइव्हची एक गोष्ट मला आवडते. त्यातली फाइल क्षणात उघडते, तासन्‌तास वाट पाहावी लागत नाही. पण वाचण्याचा दर जीबीला ५ सेंट आहे. क्वचित आणि थोडंसंच वाचायचं असेल त्यांना तो परवडतो.

आपल्या उदाहरणातल्या कंपनीला मी काय सुचवेन? पहिले तीन महिने स्टँडर्ड. नंतर वर्ष पुरं होईपर्यंत ग्लेशियर इन्स्टंट रिट्रीव्हल, जिथे फाइल लगेच उघडते आणि किमान मुदत ९० दिवसांची आहे. हिशेबाच्या बदलांचे आणि लॉगिनचे लॉग पुढे डीप आर्काइव्हमध्ये, बाकीचे पुसून टाकावेत. प्रत्येक लॉगला सारखीच मुदत देऊ नये. वेब सर्व्हरचा लॉग आणि हिशेबातल्या फेरफाराचा लॉग यांचं वय वेगळं असतं, म्हणून त्यांच्या बकेट किंवा निदान फोल्डर पहिल्या दिवसापासून वेगळे करावेत. सगळे मिसळून टाकले की नंतर नियम लावता येत नाहीत. लॉग फारच थोडे, वर्षाला शंभर-दोनशे जीबी असतील, तर क्लासच्या भानगडीत न पडता स्टँडर्ड किंवा इन्फ्रिक्वेंट अ‍ॅक्सेसमध्येच राहू द्यावेत. वाचणाऱ्या दोन-चार डॉलरपेक्षा माणसाचा वेळ महाग आहे.

परत आणण्याचा खर्चही आधीच काढून ठेवावा. एक महिन्याचे ६० जीबी डीप आर्काइव्हमधून साध्या मागणीने आणायला सव्वा डॉलर लागतो, घाऊक मागणीने १५ सेंट. पण फायली दर मिनिटाच्या असतील तर त्याच महिन्याच्या साडेएकवीस लाख मागण्या होतात आणि त्यांचेच २१६ डॉलर. पुन्हा फायलींची संख्याच आडवी येते. साठा क्लाउडबाहेर न्यायचा असेल तर वेगळा दर आहे, पहिल्या १०० जीबीनंतर दर जीबीला ९ सेंट. आठ वर्षांचा ५.८ टीबीचा साठा बाहेर काढायला पाचशे डॉलरहून जास्त लागतील, म्हणजे त्या साठ्याच्या जवळजवळ साडेसात वर्षांच्या भाड्याइतके. आपला साठा कायमचा बाहेर नेणाऱ्यांना गूगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२४ मध्ये ही आकारणी माफ करण्याची सोय केली. मात्र त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो.

जागेचा प्रश्न आपल्यासाठी सोपा झाला आहे. मायक्रोसॉफ्टची रीजन २०१५ पासून पुणे, मुंबई आणि चेन्नईत आहेत, अ‍ॅमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादेत २०२२ पासून, गूगलचं मुंबईत २०१७ पासून. सर्ट-इनच्या मूळ निर्देशांत लॉग भारताच्या अधिकारक्षेत्रात ठेवायला सांगितलं आहे. नंतरच्या खुलाशात परदेशी साठवणीला मुभा मिळाली, मात्र मागितल्यावर वाजवी वेळात लॉग देता आले पाहिजेत. माझा कौल भारतातल्या रीजनलाच आहे. चढा दरही तपासाच्या दिवशीच्या घोळापेक्षा परवडतो.

साठवलेला लॉग कोणी बदलू किंवा पुसू शकणार नाही याची तजवीज स्वस्तात होते. घुसखोर आत आला की आपल्या खुणा पुसायला बघतो, म्हणून लॉगची बकेट वेगळ्या खात्यात असावी आणि सर्व्हरला तिथे फक्त लिहिण्याची परवानगी असावी. एस३ मधल्या ऑब्जेक्ट लॉक या कुलुपाच्या कडक प्रकारात ठरलेल्या मुदतीआधी मुख्य खातेदारही फाइल पुसू शकत नाही. म्हणूनच ती मुदत टाकताना जपावं. चुकून आठऐवजी ऐंशी वर्षं टाकली तर मागे फिरता येत नाही, भाडं चालूच राहतं. आधी एका दिवसाच्या मुदतीवर करून बघावं. कूटबद्ध करण्याची चावीही तितकीच सांभाळावी लागते, कारण ती नष्ट झाली तर आठ वर्षांचा साठा कोणालाच वाचता येणार नाही. आणि स्वरूप साधं ठेवावं. जीझिप १९९२ पासून आहे आणि आजही प्रत्येक संगणकावर उघडतं. वरचेवर शोध घ्यायचा असेल तर पार्केसारखं स्तंभवार स्वरूप उपयोगी पडतं, कारण अथीना ही शोधसेवा चाळलेल्या प्रत्येक टीबीला ५ डॉलर घेते आणि पार्केमध्ये हवे तेवढेच स्तंभ चाळले जातात. पण दीर्घकाळच्या साठ्यासाठी मी साध्या मजकुराची जीझिप फाइल निवडेन, फोल्डरच्या नावात वर्ष, महिना आणि दिवस घालून.

तुमच्याकडे आधीपासूनच अशी बकेट असेल, तर या आठवड्यात दोन गोष्टी करा. त्यात किती फायली आहेत आणि एका फाइलचा सरासरी आकार किती आहे ते काढा. तो १२८ केबीच्या खाली असेल तर क्लास बदलण्याआधी फायली जोडायला घ्या. आणि वर्षभरापूर्वीचा कोणताही एक दिवस परत मागवून तो उघडून वाचा. किती तास लागले, किती पैसे लागले, चावी कोणाकडे होती, हे लिहून ठेवा आणि तो कागद तुमच्यानंतर हे काम बघणाऱ्या माणसाला सापडेल अशा जागी ठेवा.